सोमवारी आणि गुरुवारी माणसाळणारे उंदीर

एखादा उंदीर मिळून-मिसळून वागणारा आहे की एकलकोंडा, हे ठरवायला दहा मिनिटं लागतात. माणसांची लग्नं ठरवताना आपण मुलामुलीला याहून फार जास्त वेळ देतो असं नाही. फरक इतकाच, की उंदराच्या बाबतीत शेजारी एक माणूस स्टॉपवॉच घेऊन बसलेला असतो. तो माणूस मी.

विक्रोळीला एका जुन्या कारखान्याच्या आवारात आमची संशोधन संस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण मला तिथे अजून सहा वर्षं काढायची आहेत. माझं पद वरिष्ठ तांत्रिक सहायक. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मात्र एकच पद सगळ्यांना माहीत आहे, ‘उंदीरवाले जाधव’. गटारीतले उंदीर मीटररूममध्ये शिरले तेव्हा सेक्रेटरी रात्रीचं जेवण अर्धं टाकून माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, आमचे उंदीर वेगळे. ते म्हणाले, “वेगळे म्हणजे काय, चावत नाहीत?” मी म्हटलं, चावतात, पण त्याची नोंद होते. तेव्हापासून सोसायटीच्या कामात मला कुणी बोलावत नाही.

तर कामाविषयी. ऑटिझम, म्हणजे ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, त्याचा अभ्यास आमच्याकडे उंदरांवर चालतो. उंदराला ऑटिझम होत नाही. हे वाक्य मी आमच्या संस्थेत मोठ्याने म्हणत नाही, पण ते सगळ्यांना माहीत आहे. होतं असं, की काही मुलांमध्ये एखादं जनुक बिघडलेलं सापडतं. तेच जनुक उंदरातून काढून टाकतात आणि मग तो उंदीर कसा वागतो ते बघतात. बघायचं काय, तर तीन गोष्टी. तो तोंड किती वेळ पुसत बसतो. भुशावर ठेवलेल्या वीस काचेच्या गोट्यांपैकी किती गोट्या अर्ध्या तासात गाडतो. आणि अनोळखी उंदराजवळ जाऊन बसतो की नाही. तोंड फार पुसलं, गोट्या फार गाडल्या आणि पाहुण्याकडे पाठ फिरवली, तर तो आमच्या दृष्टीने आजारी. या कसोट्या मी एकदा मनातल्या मनात सोसायटीच्या वार्षिक सभेला लावून पाहिल्या. गोट्या नव्हत्या, तरी अर्धी सभा नापास झाली.

गोट्यांवरून आठवलं. गोटी दोन तृतीयांश गाडली गेली तरच मोजायची, असा नियम आहे आणि तो मी डोळ्यांत तेल घालून पाळतो. त्या गोट्या संपल्या तेव्हा मी खरेदी विभागाला चिठ्ठी पाठवली. त्यांनी तीन कोटेशनं मागितली. मी कुर्ल्याच्या बाजारात तीन खेळण्यांच्या दुकानांत गेलो. तिसऱ्या दुकानदाराने विचारलं, “साहेब, मुलगा केवढा आहे?” मी म्हटलं, पाच आठवड्यांचा. त्याने कोटेशन न देता दुसरं गिऱ्हाईक बघितलं.

आता ती पाहुण्याची चाचणी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पारदर्शक प्लास्टिकची एक पेटी असते, तिला तीन खोल्या. मधल्या खोलीत ज्याची परीक्षा तो उंदीर सोडायचा. एका बाजूच्या खोलीत तारेची रिकामी जाळी उपडी ठेवायची. दुसऱ्या बाजूला तशीच जाळी, पण तिच्याखाली एक अनोळखी उंदीर. हा पाहुणा. दहा मिनिटं दारं उघडी. साधा उंदीर बहुतेक वेळ पाहुण्याच्या जाळीशी नाक लावून काढतो. जनुक काढलेला उंदीर पाहुणा आणि रिकामी जाळी यांत फारसा फरक करत नाही. मी सेकंद मोजतो. वर कॅमेरा असतो, संगणकही मोजतो, पण संगणकाला शेपटी आणि नाक यांत कधीकधी गफलत होते. माझी होत नाही. एकोणीस वर्षांत माझे आकडे आणि कॅमेऱ्याची फिल्म जेव्हा जेव्हा ताडून पाहिली, तेव्हा फरक एखाद्या सेकंदाच्या आतच निघाला. याचा मला अभिमान होता. अजून आहे, पण त्याचा उपयोग किती, ते आता पुढे येईलच.

पाहुणा शांत बसला पाहिजे. तो जाळी कुरतडू लागला तर परीक्षेचा उंदीर घाबरतो. म्हणून चाचणीआधी अर्धा तास पाहुण्याला बाहेरच्या लहान खोलीत जाळीखाली बसवून सवय करायची. हे काम दत्ताराम सावंतांकडे. सावंत मूळचे कणकवलीकडचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, उंदीरघरातले सगळ्यात जुने मदतनीस. हलका हात. सावंतांच्या हातातला उंदीर कधी चीं म्हणून ओरडत नाही. पाहुण्याबरोबर तो अर्धा तास ते एका स्टुलावर बसून काढत.

आमचे मुख्य म्हणजे रेगे सर. सरांना एका औषधाविषयी फार आशा होती. औषध नवीन नव्हतं, दुसऱ्याच कशासाठी तरी लोक घेत असत, पूड मिळे. नाव लिहीत नाही, त्याचं कारणही पुढे येईल. जनुक काढलेल्या उंदरांचे दोन गट केले, अ आणि ब. एका गटाच्या पाण्यात औषध, दुसऱ्याच्या नुसतं पाणी. कुठला गट औषधाचा, हे मला आणि सावंतांना माहीत नाही. ते पाकिटात बंद, पाकीट सरांच्या कपाटात. मोजणाऱ्याला माहीत नसावं, नाहीतर तो नकळत हवे ते आकडे लिहितो.

वेळापत्रक माझं. खरं म्हणजे दोन्ही गटांचे उंदीर एकाच दिवशी मिसळून तपासायला हवेत. पण आधीच्या एका प्रयोगात पाण्याच्या बाटल्यांची अदलाबदल झाली होती आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं होतं. म्हणून या वेळी मी शिस्त लावली. अ गट सोमवारी आणि गुरुवारी, ब गट मंगळवारी आणि शुक्रवारी. बुधवारी साफसफाई. तक्ता रंगीत पेनांनी आखून भिंतीवर लावला. सर म्हणाले, “जाधव, तुमच्यासारखी माणसं सगळ्या लॅबमध्ये हवीत.” मी ते घरी येऊन बायकोला, सुषमाला सांगितलं. ती म्हणाली, “प्रत्येक लॅबला एक सुषमा पण लागेल मग.”

अडीच महिन्यांनी पाकीट उघडलं. अ म्हणजे औषध. आणि अ गटाचे उंदीर पाहुण्याजवळ ब गटाच्या जवळजवळ दुप्पट वेळ बसले होते. गोट्यांमध्ये फरक नव्हता, तोंड पुसण्यातही नव्हता, पण पाहुण्याच्या बाबतीत इतका स्वच्छ फरक मी नोकरीत पाहिला नव्हता. ब गटाचा एकच मंगळवार जरा विचित्र होता. त्या दिवशी तेही उंदीर पाहुण्याला चिकटून बसले होते. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, “एक दिवस निघतोच असा. बाजूला ठेवा.” मी बाजूला ठेवला, पण खाली पेन्सिलने टीप लिहून.

सरांनी निबंध लिहिला, तो एका मासिकात छापून आला आणि मग पेपरात बातमी आली. मथळा होता, ‘ऑटिझमवर मुंबईत औषध सापडले?’ प्रश्नचिन्ह होतं, पण प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही. बातमीत उंदीर हा शब्द सातव्या ओळीत होता. सरांच्या फोटोत मागे माझा खांदा आला होता. सुषमा नको नको म्हणत असताना मी एक किलो पेढे आणले आणि आमच्या विंगमधल्या सगळ्या घरांत वाटले. उंदीरवाले जाधव काय करतात ते एकदा कळू दे, असं मनात होतं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या मजल्यावर वैशाली राहते. शाळेत चित्रकला शिकवते. तिची मुलगी ओवी अकरा वर्षांची, तिला ऑटिझम आहे. मोजकं बोलते. रविवारी सकाळी आमच्याकडे येते आणि कपडे धुण्याच्या मशीनसमोर पाट घेऊन बसते. मशीन थांबताना वाजतं, तो आवाज तिला सहन होत नाही, म्हणून वाजायच्या आधीच ती कानांवर हात घेते. मी एकदा वेळ मोजली होती. अकरा सेकंद आधी. दुसऱ्या रविवारीही अकरा. आमचा संगणक हे करू शकत नाही.

वैशालीने पेढा हातातच धरला. “काका, खरंच गुण येतो?”

“उंदरांमध्ये फरक खूप दिसतो.”

“कसला फरक?”

“दुसऱ्याजवळ जाऊन बसतात.”

मग तिने औषधाचं नाव विचारलं आणि मी सांगितलं. पेपरात आलंच होतं, पण तिने पेपरावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. वर मी वहीतले आकडेसुद्धा तोंडपाठ म्हणून दाखवले. आठ दिवसांनी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “मागवला मी डबा. ओवीची परीक्षा संपली ना, की त्या सोमवारपासून सुरू करते. डॉक्टर नाही म्हणतात. पण ते गेली सहा वर्षं नाहीच म्हणतायत. वाट बघायला सांगतात.”

मी म्हटलं, “अगं, उंदीर आणि माणूस यांत फरक आहे. डॉक्टरांचं ऐक.”

“पेढे वाटताना नव्हता का फरक?” ती हसून म्हणाली आणि पिशवी सावरत वर गेली.

त्या दिवसापासून माझा तो पेन्सिलवाला मंगळवार डोक्यातून जाईना. मी लॅबची वही काढली. उंदीर तेच, पेटी तीच, पाहुणा तोच, सावंत तेच. शेवटी मी भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं उलटली. त्या मंगळवारच्या चौकोनात गणपतीचं छोटं चित्र होतं. अंगारकी चतुर्थी.

आमच्या घरी उपासतापास नाहीत, वडिलांनी धम्म स्वीकारल्यापासून नाहीत. त्यामुळे वारांचा हा हिशोब माझ्या अंगवळणी नाही. तरी सावंत अंगारकी करतात, एवढं मला माहीत होतं. मग बाहेरच्या खोलीत गेलो. सोमवार होता. सावंत स्टुलावर बसले होते, मांडीवर डबा, डब्यात शेंगदाण्याचे लाडू. समोर जाळीखाली पाहुणा दोन्ही हातांत लाडवाचा कण धरून खात होता.

“सावंत, हे काय?”

“लाडू. उपास आसा माजो.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी डबा पुढे केला. “घ्या ना.”

“याला कधीपासून देताय?”

“पयल्यापासून. चिमूटभर. उपाशी जीवासमोर बसान खाव नये, आवस सांगायची माझी. तो उंदीर आसा म्हणान काय झाला?”

सावंत सोमवारी शंकराचा आणि गुरुवारी दत्ताचा उपास करतात, आणि अंगारकी सोडत नाहीत. उपासाच्या दिवशी ते कॅन्टीनला जात नाहीत, स्टुलावरच डबा उघडतात. मंगळवारी-शुक्रवारी खाली जाऊन उसळपाव खातात, त्या दिवशी पाहुणा उपाशी. ‘आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत’ ही पाटी मीच लावली होती, पण ती आतल्या दारावर. बाहेरची खोली बाहेर होती. नियम सावंतांनी मोडलेला नव्हता.

परदेशी खाद्याच्या गोळ्यांवर वाढलेल्या उंदराच्या नाकाला शेंगदाणा आणि गूळ म्हणजे काय असेल. अडीच महिने मी सेकंदांत जे मोजलं, ती मैत्री नव्हती. लाडवाचा वास होता. माझा एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि एकाही आकड्याला अर्थ नव्हता.

सावंतांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी डबा बंद केला. “म्हणजे माझ्यामुळे वाट लागली?”

“तुमच्यामुळे नाही. वार मी ठरवले.”

“मग आता त्येका उपाशी ठेवू?”

“एक आठवडा. पुन्हा मोजतो.”

सरांना सांगायला गेलो. त्यांनी आधी दार लावलं. सगळं ऐकून म्हणाले, “जाधव, लाडू?”

“शेंगदाण्याचा, सर.”

“हे लिहिलंय कुठे?”

“मी वहीत लिहिलंय. शाईने.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या खिडकीतून कारखान्याची बंद चिमणी दिसते, तिच्याकडे बघून आजवर बरेच निर्णय झाले आहेत. म्हणाले, “घ्या पुन्हा एक आठवडा, तुमच्या समाधानासाठी. पण पूर्ण खात्री होईपर्यंत बाहेर एक शब्द नाही. तुम्ही गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे.”

पुढच्या आठवड्यात सावंतांनी चारही दिवस उपास असो वा नसो, खाली जिन्यात बसून डबा खाल्ला आणि साबणाने हात धुऊन वर आले. मी मोजत राहिलो. अ गट आणि ब गट यांत फरक उरला नाही. अ गटाचे उंदीर पाहुण्याला एकदा हुंगत आणि रिकाम्या जाळीकडे निघून जात. शुक्रवारी संध्याकाळी मी दोन्ही रकाने सरांसमोर ठेवले. ते म्हणाले, “नमुना लहान आहे. अजून तीन आठवडे करू. तोवर शांत राहा.”

नंतर काय झालं ते इथेच सांगून टाकतो. सरांनी तीन आठवडे केले, आकडे बदलले नाहीत, आणि त्यांनी पहिला निबंध मागे घेतला. त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे, सगळे देत नाहीत. लगेच दुसरा निबंध लिहिला, वासामुळे अशा चाचण्या कशा फसतात यावर. तो पहिल्यापेक्षा चांगल्या मासिकात आला. त्यात लाडवाला ‘शेंगवर्गीय गंधस्रोत’ म्हटलं आहे आणि सावंतांना ‘हाताळणी करणारी व्यक्ती’. पेपराला कळवलं, त्यांनी छापलं नाही. औषध चालत नाही, ही बातमी होत नाही असं ते म्हणाले. मी त्या निबंधाची प्रत सावंतांना दिली. ती त्यांनी देवाजवळ ठेवली आहे म्हणाले.

पण हे सगळं तीन आठवड्यांनी आणि पुढे. वैशालीचा सोमवार तीन दिवसांवर होता.

शुक्रवारी जेवताना मी सुषमाला सही केलेल्या कागदाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, “पेढे वाटताना सरांना विचारलं होतंत?” मी नाही म्हटलं. “मग हे सांगायला कशाला विचारताय?”

शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर गेलो. ओवी आतल्या खोलीत होती, पंखा एकवर, दार अर्धं उघडं. वैशालीने चहा विचारला. मी नको म्हटलं आणि उभ्याउभ्याच सांगायला लागलो. पेटी, तीन खोल्या, वार, अंगारकी, लाडू.

“म्हणजे ते लाडवासाठी जात होते,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि औषध?”

“काही करत नाही. निदान आम्ही मोजलं त्यात नाही.”

“तुम्ही कागदावर सही केली असेल ना, बाहेर बोलायचं नाही म्हणून? आमच्या शाळेतपण घेतात.”

“केली आहे.”

ती बसली. टेबलावर ओवीचे रंग पसरलेले होते, ते एकेक करून खोक्यात भरू लागली.

“काका, जे पाहुण्याकडे जात नाहीत, ते काय करतात हो तेवढा वेळ? दहा मिनिटं?”

कुणी हे विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी आठवून सांगितलं. एखादा कोपऱ्यात बसतो. एखादा रिकाम्या जाळीवर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. एक मादी होती, ती दोन खोल्यांच्या उंबऱ्यावर बसायची, शेपटी एकीकडे आणि नाक दुसरीकडे. संगणकाला तिची खोली ठरवताच येत नसे.

“त्यांना वाईट वाटत असतं का?”

“ते आम्ही मोजत नाही.”

“का?”

मी उत्तर शोधलं. पाहुण्याजवळचे सेकंद, रिकाम्या जाळीजवळचे सेकंद, मधल्या खोलीतले सेकंद. आणखी रकाना नव्हता. “माहीत नाही,” मी म्हटलं. “कसं मोजायचं ते कुणाला ठाऊक नाही.”

तिने मान हलवली, रागाने नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेली. फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पांढरा डबा होता, सील न तोडलेला. तो तिने माझ्यापुढे धरला.

“हा तुम्ही घेऊन जा.”

“अगं, परत पाठव. घेतील ते.”

“पाठवीन पाठवीन म्हणत ठेवीन मी इथेच,” ती म्हणाली. “आणि एखादा दिवस असा येतो ना काका, तुम्ही आत्ता सांगितलंत ते सगळं खरं आहे हे माहीत असूनसुद्धा मी तिला दुधात घालून देईन. माझं मला माहीत आहे. तुम्ही न्या.”

मी डबा घेतला. तिने दार लावलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.